चौदा दिवसांपैकी सहा

लग्नानंतर तीन वर्षांनी नवऱ्याच्या पोटात दुखायला लागलं आणि पुढची पंधरा वर्षं आमचं स्वयंपाकघर त्या दुखण्याच्या तालावर चाललं. नवऱ्याला मी तोंडावर अहो-जाहो करते. इथे 'तो' लिहिते आहे, वाक्यं आटोपशीर होतात. सकाळी अकराला आणि दुपारी चारला त्याला थंड दूध लागायचं. त्यासाठी तो ऑफिसात थर्मास न्यायचा. भाजी दोन भांड्यांत व्हायची. एकात नुसती हळद आणि मीठ, दुसऱ्यात माझ्यासाठी आणि मुलीसाठी रीतसर. लोणच्याची बरणी मी वरच्या फळीवर ठेवत असे, कारण समोर दिसली की तो तिच्याकडे बघत बसायचा आणि जेवण लांबायचं.

अल्सर कशाने होतो हे तेव्हा सगळ्यांनाच माहीत होतं. काळजीने, तिखटाने, अवेळी जेवण्याने. नवरा दिल्लीत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होता. आम्ही आर. के. पुरमच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो, आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्याच्या फायली असायच्या. बाकीचे लोक काम टाळतात म्हणून त्यांची पोटं ठीक आहेत, असं त्याचं ठाम मत होतं. तळमजल्यावरच्या वहिनी नागपूरच्या. त्यांचं निदान वेगळं होतं.

"भाऊजींचं जेवण फिकं आणि बायको तिखट," त्या म्हणायच्या. "आग विझणार कशी?"

"तुमची फोडणी रोज दोन मजले वर येते, तिचंही नाव घ्या मग," मी म्हणायचे.

आमच्या जिन्यात माझी ओळख वेगळ्याच कारणासाठी होती. कॉलनीतल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर लिहून देतील तेवढं औषध फुकट मिळायचं, आणि मिळतंय तेवढं सगळं घ्यायचं हा आम्हा सरकारी लोकांचा शिरस्ता. खोकला चार दिवसांत बरा झाला तरी दहा दिवसांच्या गोळ्या घरात पडलेल्या. त्या फेकवत नसत. जिन्यातल्या आठ घरांच्या अशा उरलेल्या गोळ्या माझ्याकडे जमा व्हायच्या. मी शाळेत भूगोल शिकवत असे, वर्गवारीची सवय होती. बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात ताप, खोकला, पोट, अंगदुखी, अँटिबायोटिक अशी वेगवेगळी पाकिटं केली होती, प्रत्येकावर तारीख. रविवारी दवाखाना बंद असला की लोक माझं दार वाजवायचे. कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर, हे मला पाठ होतं. मला त्या डब्याचा अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते.

नव्वदीची मधली वर्षं असतील. ऑगस्टमध्ये एका सकाळी नवरा ऑफिसवाल्यांनी ठरवलेल्या चार्टर्ड बसची वाट बघत असताना स्टॉपवरच खाली बसला. घामाने थबथबला होता. दोन दिवस शौच डांबरासारखं काळं होत होतं, आणि ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बसमधल्या लोकांनी त्याला सरकारी हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे दुर्बीण घालून पाहिलं. अल्सरमधून रक्त गेलं होतं. दोन बाटल्या रक्त चढवलं आणि आठवड्याने घरी सोडलं. सोडताना सर्जननी स्पष्ट सांगितलं की अल्सर जुना आहे, पुन्हा फुटू शकतो, तेव्हा ऑपरेशन करून घेतलेलं बरं. फेब्रुवारीतली तारीख दिली आणि रजिस्टरमध्ये नाव लिहिलं.

त्याचे वडील पोटाच्याच ऑपरेशनसाठी साताऱ्याला दवाखान्यात गेले होते आणि परत आले नव्हते. तेव्हा तो अकरावीत होता. ही गोष्ट त्याने मला आयुष्यात एकदाच सांगितली होती. घरी आल्यावर त्याने तारखेचा कागद कपाटात ठेवला, इस्त्रीच्या शर्टांखाली.

"फेब्रुवारी लांब आहे," तो म्हणाला.

"सहा महिने," मी म्हणाले.

"तेच म्हणतोय."

पण त्याने रात्रीचं जेवण निम्मं केलं, आणि सकाळी संडासातून बाहेर येताना त्याचा चेहरा मी पाहत असे. तो घाबरला होता. मीही.

ऑफिसातल्या कुणीतरी नोएडाच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. त्या परदेशात शिकून आल्या होत्या आणि फक्त पोटाचेच आजार बघायच्या. सप्टेंबरमध्ये आम्ही स्कूटरवरून यमुना ओलांडून गेलो. नोएडा तेव्हा अर्धं बांधून झालं होतं. सेक्टरचे आकडे लिहिलेल्या पाट्या, त्यांच्यामागे विटांचे ढीग, आणि मध्येच एखादी पूर्ण झालेली, काचा लावलेली इमारत. रस्ता विचारायला माणूस मिळत नव्हता. क्लिनिक अशाच एका इमारतीत तळमजल्यावर होतं. खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

डॉक्टर आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील. त्यांनी सगळं विचारलं. मग विचारलं, "दर्द की कोई गोली ली थी, खून आने से पहले?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. जुलैमध्ये त्याची पाठ धरली होती आणि मी डब्यातून आठ दिवस अंगदुखीच्या गोळ्या दिल्या होत्या. मी ते सांगितलं. त्या गोळ्या अल्सर असलेल्याला कधीच द्यायच्या नाहीत, त्यांनी रक्त जाऊ शकतं, असं त्यांनी सांगितलं. मी लक्षात ठेवलं. घरी जाऊन ते पाकीट फेकायचं, एवढाच धडा मी त्यातून घेतला. डबा ठीक होता, एक पाकीट चुकीचं होतं.

मग त्यांनी दुर्बीण घातली. जठराच्या अस्तराचा कणभर तुकडा काढला आणि बोटाच्या पेराएवढ्या एका प्लास्टिकच्या खाचेत टाकला. खाचेत पिवळा जिलेटिनसारखा पदार्थ होता. आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. अर्ध्या तासाने बोलावलं तेव्हा पिवळ्याचा गुलाबी झाला होता, लग्नपत्रिकेसारखा गडद गुलाबी.

"ये देखिए सर," त्या म्हणाल्या. "आपके पेट में एक जर्म है. अल्सर की जड़ यही है. पहले किसी को पता नहीं था, अब पता है. चौदह दिन की दवा है. जर्म गया, तो अल्सर भी वापस नहीं आएगा."

"और ऑपरेशन?" नवऱ्याने विचारलं.

"जर्म चला गया तो किसलिए?"

नवऱ्याने पुन्हा त्या गुलाबी खाचेकडे पाहिलं. मग म्हणाला, "मतलब, टेन्शन से नहीं हुआ?"

"टेन्शन से तकलीफ बढ़ सकती है. पर जड़ ये है."

मला वाटलं होतं तो खूश होईल. पण पुलावर वाहनं अडली तेव्हा तो मान वळवून म्हणाला, "पंधरा वर्षं मी ज्या फायली काढल्या, त्यांचा काही संबंधच नाही?"

"नाही."

"आणि दूध?"

"हाडं चांगली राहिली असतील."

त्याला ते आवडलं नाही. अल्सर ही त्याच्या मेहनतीची एकुलती एक पोच होती, आणि ती एका जंतूच्या नावावर गेली.

औषधं तीन होती. आम्ल कमी करणारी एक गोळी आणि दोन अँटिबायोटिक, सकाळ-संध्याकाळ. चौथ्या दिवशी पोटातलं दुखणं थांबलं. पूर्ण थांबलं. पंधरा वर्षांत असं झालं नव्हतं. पण तोंडात सारखी पितळेची चव, चहाही पितळेचा, शिवाय मळमळ आणि जुलाब. सहाव्या दिवशी संध्याकाळी तो गोळ्या हातात घेऊन बसून राहिला.

"दुखत तर नाहीये," तो म्हणाला. "मग आता हे कशाला?"

इथे मी 'डॉक्टरांनी चौदा दिवस सांगितलेत' असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. माझं स्वतःचं मत तेच होतं. बरं वाटल्यावर औषध थांबवायचं, ही आमच्या अख्ख्या जिन्याची रीत होती आणि माझा डबा त्या रीतीवरच भरत होता.

"राहू द्या मग," मी म्हणाले. "पुढच्या वेळी दुखलं तर घरात असतील."

उरलेल्या आठ दिवसांच्या गोळ्या मी मोजून पाकिटात घातल्या आणि वर तारीख लिहिली. पुढच्याच आठवड्यात वहिनींच्या मुलीचा घसा सुजला तेव्हा त्यातल्या सहा कॅप्सूल खाली दिल्या. नवऱ्याने त्या महिन्यात दोनदा वांग्याचं भरीत खाल्लं. कपाटातला कागद त्याने काढला नाही, पण शर्ट बदलताना तो आता शिट्टी वाजवायचा.

नोव्हेंबरच्या शेवटी, दिवाळीचे डबे रिकामे होत आले असताना, त्याने पुन्हा पोटावर हात ठेवला. सकाळी उठून स्वतःच थर्मास धुऊन भरला. ते पाहून मी शाळेला सुट्टी कळवली.

नोएडाच्या क्लिनिकमध्ये पुन्हा दुर्बीण, पुन्हा ती खाच. या वेळी गुलाबी व्हायला अर्धा तासही लागला नाही.

"कोर्स पूरा किया था?" डॉक्टरांनी विचारलं.

"जी, बिल्कुल," नवरा म्हणाला.

"नाही," मी म्हणाले, आणि मग हिंदीत, "छह दिन लिया."

"बाकी दवा?"

"घर में रखी है."

"किसलिए?"

"अगली बार के लिए."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मैडम, ये अगली बार इसीलिए आई है."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी कागदावर ठिपके काढून समजावलं. सहा दिवसांत कमजोर जंतू मरतात, दुखणं थांबतं, माणसाला वाटतं काम झालं. जे चिवट असतात ते राहतात आणि वाढतात, आणि त्या औषधाला मग दाद देत नाहीत. आता ती दोन अँटिबायोटिक बाद. दुसरी आहेत, पण गोळ्या जास्त, त्रास जास्त, आणि चुकायला जागा कमी. याने नाही गेलं तर त्यांच्याकडे फार काही उरत नव्हतं. फेब्रुवारीची तारीख राहू द्या, असं त्याच म्हणाल्या.

परत येताना सिग्नलला नवरा म्हणाला, "तू बोलली नसतीस तर मी निभावून नेलं असतं."

"आणि त्यांनी तीच औषधं पुन्हा दिली असती."

सिग्नल सुटला. पुढच्या चौकात तो म्हणाला, "ते खरं आहे." राहू द्या असं कोण म्हणालं होतं, हे त्याने तेव्हाही काढलं नाही आणि नंतरही नाही. मी त्याच्या जागी असते तर काढलं असतं.

रविवारी मी डबा रिकामा केला. सगळा. गोळ्या पाकिटांतून काढून, पाण्यात विरघळवून, मातीत मिसळून टाकल्या. अर्धी सकाळ गेली. मग खाली गेले आणि वहिनींना विचारलं, "घसा बरा झाला का तेव्हा?"

"झाला की, दोन दिवसांत. चार उरल्यात तुमच्या. परत देऊ?"

"फेकून द्या."

"चांगल्या गोळ्या फेकू?" वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही सांगताय हे?"

मी त्यांना ठिपके काढून दाखवले. त्या म्हणाल्या की पोटाचं वेगळं आणि घशाचं वेगळं. मी म्हणाले की मीही आतापर्यंत असंच म्हणत होते. जिन्यातले लोक पुढे दोन-तीन महिने दार वाजवत राहिले आणि मी त्यांना दवाखान्यात पाठवत राहिले. मी आखडू झाले आहे असा बोभाटा झाला. झाला तर झाला.

दुसरा कोर्सही चौदा दिवसांचाच, पण औषधं चार आणि दिवसातून चार वेळा. त्यातलं एक दुधाबरोबर घेतलं तर शोषलंच जात नाही, म्हणून गोळीच्या आधी आणि नंतर दोन तास दूध बंद. म्हणजे जवळजवळ दिवसभरच बंद. थर्मास माळ्यावर गेला. मी शाळेतून एक मोठा कागद आणला, नकाशाला आखतात तशा रेघा आखल्या, प्रत्येक गोळीला एक चौकोन. फ्रिजवर चिकटवला. प्रत्येक वेळी गोळी घेतली की नवरा चौकोनात पेनने आद्याक्षरं आणि वेळ लिहायचा, फायलीवर शेरा मारल्यासारखी. मुलगी दहावीत होती. ती म्हणाली, "बाबा, यार, नुसती टिक करा ना."

"टिक कोणीही करू शकतं," तो म्हणाला.

पाचव्या दिवशी सकाळी तो संडासातून बाहेर आला आणि ऑफिसचे बूट घातलेले तसाच पलंगावर बसला. हात मांड्यांवर. "काळं झालंय," तो म्हणाला. "ऑगस्टसारखं."

मी त्याच्या कपाळाला हात लावला. घाम नव्हता. नाडी माझ्यासारखीच. पण तो भिंतीकडे बघत होता. "आता ऑपरेशनच," तो म्हणाला. "फेब्रुवारीपर्यंत थांबणार पण नाहीत."

मी रिक्षा बघायला चप्पल घातली. मुलगी फ्रिजसमोर उभी होती, हातात डॉक्टरांचा मूळ कागद. "आई, इथे खाली लिहिलंय ना," ती म्हणाली. "चेक तर कर. या गोळ्यांनी मोशन काळं होईल, जीभ पण. घाबरू नका. चक्कर किंवा घाम आला तरच फोन करा."

तक्ता करताना मी गोळ्यांची नावं आणि वेळा तेवढ्या उतरवल्या होत्या. खालच्या ओळी कामाच्या वाटल्या नाहीत.

"जीभ दाखवा," मी म्हणाले. नवऱ्याने जीभ बाहेर काढली. जांभळं खाल्ल्यासारखी काळी होती. आम्ही तिघं बघत बसलो. तरीही मी मार्केटमधल्या बूथवरून क्लिनिकला फोन केला. डॉक्टरांनी चक्कर, घाम, नाडी, तिन्ही विचारलं आणि गोळ्या चालू ठेवायला सांगितलं. त्या दिवशी त्याची चार्टर्ड बस चुकली. तो साध्या बसने गेला, पण गेला.

चौदा दिवस संपले. सगळे चौकोन भरले. त्यानंतरचा काळ मला जास्त कठीण गेला, कारण करायला काही नव्हतं. काही आठवडे नुसती आम्लाची गोळी, मग दोन आठवडे तीही बंद, आणि मगच तपासणी. आधी तपासलं तर जंतू दबलेले असतात आणि खोटं उत्तर येतं. जानेवारीचं धुकं होतं. शाळेत चाचणीचे पेपर तपासत असताना मी मनात दिवस मोजायचे. फेब्रुवारीची तारीख आता महिन्यांवर नव्हती, आठवड्यांवर होती. नवऱ्याने कागद शर्टांखालून काढून वर ठेवला. एकदा त्याने रजेचा अर्ज लिहिला आणि तारीख मोकळी सोडली.

तपासणीला आम्ही दोघंही रजा घेऊन गेलो. अल्सरच्या जागी नुसता वण दिसत होता. या वेळी दोन ठिकाणचे तुकडे घेतले. अर्ध्या तासाने दोन्ही खाचा पिवळ्या होत्या. तासाने पिवळ्या. नवरा उठायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "अभी नहीं. थोड़े जर्म हों तो रंग धीरे बदलता है. कल इसी वक्त फोन कीजिए."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी बूथवर गेले. माझ्यापुढे एक फौजी होता, गावी बोलत होता, म्हशीबद्दल. मी थांबले. मग नंबर फिरवला.

"पीला है," डॉक्टर म्हणाल्या. "दोनों."

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, दोन्ही पिवळ्या ना, आणि मग आत जाऊन दाढी केली, संध्याकाळचे पाच वाजले असताना.

सर्जनना रिपोर्ट दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, आजकाल असे पेशंट येऊ लागलेत म्हणाले, आणि ऑपरेशनची गरज नाही असं केस पेपरवर लिहिलं. नाव काढण्यासाठी आम्हाला तळमजल्यावरच्या खिडकीत पाठवलं. तिथे रांग होती. खिडकीतल्या माणसाने केस पेपर पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"छोड़ रहे हो? फिर तारीख जल्दी नहीं मिलेगी."

"नहीं चाहिए," नवरा म्हणाला.

त्या माणसाने रजिस्टर उघडलं, नाव शोधलं, त्यावर एक आडवी रेघ मारली आणि पुढच्याला हाक मारली. नवरा खिडकीपाशीच उभा राहिला. मागचा माणूस पुढे सरकायला बघत होता. मी नवऱ्याचा दंड धरला.

"काय झालं?"

"काही लिहून देतील ना," तो म्हणाला. "रद्द झाल्याचं."

"नाही देत," मी म्हणाले. "चला."